हौदाच्या बागेतला किसन

किसन आणि मी शाळेतून एकाच दिवशी निवृत्त झालो, हा माझ्या आयुष्यातला एक मोठा अपघात. मी गणिताचा शिक्षक, तो शिपाई. संस्थेने काटकसर म्हणून दोघांचा निरोपसमारंभ एकाच दुपारी उरकला. शाल, श्रीफळ, गुच्छ, दोघांनाही सारखं. माझ्याबद्दल मुख्याध्यापक बारा मिनिटं बोलले, त्याच्याबद्दल दोन. पण टाळ्या? माझ्या वेळी ज्या वाजल्या त्या भाषण संपल्याच्या होत्या. किसनचं नाव घेतल्याबरोबर मागच्या रांगांतल्या पोरांनी जो गलका केला, तो थांबवायला शेवटी किसनलाच उठावं लागलं. त्याने नुसता तळहात खाली केला आणि सभागृह गप्प झालं. मला हे तीस वर्षांत छडीशिवाय जमलं नव्हतं.

त्याच दिवशी मला आणखी एक गोष्ट कळली. शिक्षकांची निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी आणि शिपायांची साठाव्या, म्हणजे हा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता. तोवर मी त्याला ‘अरे किसन’ म्हणत आलो होतो, आणि कळल्यावरही तसंच म्हणत राहिलो.

तेव्हा आधीच सांगतो. माणूस गेला की त्याच्याविषयी गोड लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मला साधणार नाही. मला त्याचा हेवा वाटत असे, चांगला पोटात दुखेपर्यंत.

कसब्यात आमच्या घरामागे चार मिनिटांवर एक बाग आहे. महापालिकेने तिला कुणा थोर पुरुषाचं नाव दिलंय, पण ते पाटीपुरतं. लोक तिला हौदाची बाग म्हणतात, कारण मधोमध एक जुना दगडी हौद आहे, कोरडा, वरून जाळी टाकलेला. दोन बुचाची झाडं, चार बाक, एक घसरगुंडी, संपली बाग. बाहेर तांब्याची भांडी ठोकल्याचा आवाज, टेम्पो, सहा आसनी रिक्षा. आणि त्या वर्षांत पेठेत स्कूटरी आणि गाड्या इतक्या वाढल्या होत्या, की गल्लीतून जाताना अंग चोरावं लागे. पण फाटकातून दहा पावलं आत आलं की सगळं मागे राहायचं. निवृत्तीनंतर ती बाग मी मनातल्या मनात माझ्या नावावर करून टाकली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो, तर हौदाजवळच्या बाकावर किसन.

“तू इथे कुठे?” मी विचारलं. तो राहायचा कोथरूडच्याही पलीकडे, नुकत्याच शहरात घेतलेल्या एका गावात.

“घरी करमंना, सर. चाळीस वर्सं हिकडंच येत हुतो. पाय हिकडंच वळत्यात.”

दोन बस बदलून तो त्या बागेत बसायला यायचा. रोज. पांढरा सदरा, पायजमा, डोक्यावर टोपी आणि खिशात कागदाच्या पुडीत बडीशेप. कसा आहेस म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं: “चाललंय, थांबलं न्हाई.” हातात घड्याळ कधीच नसे. तरी पाच वाजून दहा मिनिटांनी, आमच्या शाळेची सुटायची वेळ झाली की, तो काही कारण नसताना उठून उभा राही. इकडेतिकडे बघे आणि पुन्हा बसे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं. नंतर लक्षात आलं की त्या वेळी मीही हातरुमालाने बोटांवरचा नसलेला खडू पुसत असतो.

आता त्या बागेत माझे हाल काय झाले ते सांगतो. आमच्या शाळेतली मुलं संगणकात शिरली तो हा काळ. ज्यांना मी वर्गमूळ काढताना रडवलं होतं ती पोरं वायटूकेच्या गडबडीत भराभरा अमेरिकेला गेली आणि डिसेंबर आला की भराभरा परत येऊ लागली. पेठेत यायची, देवळात जायची, कुठेतरी मिसळ खायची आणि मग बायको-मुलांना शाळा दाखवायला म्हणून या गल्लीत शिरायची. शाळेच्या रस्त्यावरच बाग. फाटकातून आत नजर टाकली की पहिला बाक हौदाचा.

“मामा!”

शाळेतल्या शिपायाला मुलं मामा म्हणतात ही आपल्याकडची रीत. मी कोण? सर. मामा झाला आईचा भाऊ, आणि सर म्हणजे ज्याला बघून रस्ता ओलांडायचा तो. सुरुवातच अशी विषम. शिवाय आमच्या शाळेत सूचनावही फिरायची. मुख्याध्यापकांनी काही लिहिलं की किसन ती जाड वही घेऊन वर्गावर्गात यायचा, शिक्षक सूचना वाचून सही करायचे. उद्या सुट्टी, आज शेवटचा तास नाही, सहलीचा दिवस ठरला, हे सगळं त्या वहीतून यायचं. माझा तास चालू असताना दारात किसनची टोपी दिसली की साठ चेहरे एकदम फुलत. सुट्टी देणार मुख्याध्यापक, वाचणार मी, आणि पोरांचा जीव कुणावर? दारात उभ्या राहिलेल्यावर! मी त्यांना गृहपाठ दिला, त्याने सुट्ट्या दिल्या. या स्पर्धेत माझा निभाव कसा लागणार?

पण एवढंच असतं तर मी समजून घेतलं असतं. खरी मेख त्याच्या स्मरणशक्तीत होती.

एकदा एक आडवातिडवा वाढलेला गृहस्थ आला. गळ्यात कॅमेरा, बरोबर बायको आणि दोन मुलं. “मामा, ओळखलंत?” किसनने बडीशेप गालात सरकवली, त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, “गिरनीवरचा न्हवं का तू? मागला जिना. तिसरी पायरी मोडकी. तुज्या आज्जीनं मला ताक दिलं हुतं.”

पालकांना बोलावणं असलं की निरोप घेऊन घरोघर किसन जायचा. त्यामुळे पेठेतलं एकूण एक बिऱ्हाड त्याला पाठ होतं. नावं तो विसरायचा, जिने कधी नाही. आणि तोवर या पोरांची घरं उरली होती कुठे? पिठाची गिरणी जाऊन तिथे पाच मजली सोसायटी आली होती, खाली मोबाइलचं दुकान. त्या गृहस्थाला बायकोला दाखवायला काहीच राहिलं नव्हतं, आणि किसनने त्याला मोडकी पायरी काढून दिली. एवढा मोठा माणूस बागेत उभ्याउभ्या रडला. मग डोळे पुसून माझ्याकडे वळला आणि अतिशय आदराने म्हणाला, “आपण?”

मी त्याला दोन वर्षं बीजगणित शिकवलं होतं.

“हे काय विचारनं?” किसन म्हणाला. “सोवनी सर!”

“अरे हो, सर! सॉरी सर,” म्हणत तो वाकला. पण आपण एखादी जुनी पावती शोधून काढतो आणि ठेवून देतो, तसं ते वाकणं होतं. घरी आलो. आमच्या हिने विचारलं, “आज कुणी भेटलं का हो?” मी म्हटलं, “डास.”  जेवताना तिने मला न मागता तूप वाढलं, त्यावरून चेहरा किती पडला असेल ते समजलो.

माझ्या मनात एकच होतं, आणि ते सांगायला आता लाज कसली. त्या बागेत येणाऱ्यांपैकी एकाने, फक्त एकाने, आधी माझ्याकडे यावं. किसनकडे नंतर जावं. नव्हे, जावंच, माझं काही म्हणणं नाही. पण आधी माझ्याकडे.

मग मीही स्मरणशक्ती परजली. जिने मला माहीत नव्हते, पण गुण माहीत होते. पुढच्या डिसेंबरात एक जोडपं मुलाला घेऊन फाटकातून आत आलं. नवरा माझा विद्यार्थी, त्याला मी लांबूनच ओळखलं आणि किसनच्या आधी उठून पुढे झालो. “अरे, या या! बीजगणित, प्रिलिम, पंचाहत्तरपैकी एकोणतीस. बरोबर?”

त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं. बरोबरच्या मुलाने इंग्रजीत विचारलं, “बाबा, ट्वेंटी नाइन?” तो गृहस्थ कुठल्याशा बड्या कंपनीत बराच वर चढलेला होता, हे मला मागाहून कळलं. आकडा बरोबर होता. मी सांगितलेला आकडा कधी चुकला नाही. तो ओशाळं हसला आणि “येतो सर” म्हणून मला वळसा घालून हौदाकडे गेला. तिथून मग त्या कुटुंबाच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता. त्या दिवशी मी अर्ध्या तासात घरी परतलो.

मधल्या काळात आणखी एक बातमी आली. किसनच्या भावकीची गावातली जमीन गेली आणि तिथे निळ्या काचांची इमारत उभी राहिली. मुलाने बंगला बांधला. ही बातमी मला कुणी द्यावी? माझ्याच एका विद्यार्थ्याने, कारण तो त्याच इमारतीत नोकरीला होता. म्हणजे माझ्या गणितावर ज्यांना नोकऱ्या लागल्या, ते किसनच्या शेतात बसून काम करत होते! मला वाटलं, आता तरी स्वारी बागेत यायची थांबेल. बंगल्याला गच्ची असेल, झोपाळा असेल. छे. दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून हजर. तोच सदरा, तीच पुडी.

“अरे, मुलाकडे गाडी आहे ना आता?” मी विचारलं.

“हाय की. पन तिच्यात बसलं की कुनी भेटत न्हाई, सर.”

 माझ्याकडे गाडीही नव्हती आणि मला भेटतही कुणी नव्हतं.

आणि मग चमत्कार झाला. त्या हिवाळ्यात एक तरुण फाटकातून आला तो हौदाचा बाक सोडून सरळ माझ्या बाकाशी. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “सर, तुमच्या गणितामुळे इथवर आलो.”  “बस, बस,” एवढंच म्हणालो. चार दिवसांनी दुसरा आला. मग एक मुलगी आली, बंगळुरूला असते म्हणाली. पंधरा-वीस दिवसांत पाचजण. सगळे आधी माझ्याकडे, मग हौदाकडे. मी कपाटातला चांगला स्वेटर काढला. दाढी एक दिवसाआड करत असे ती रोज करू लागलो. आमची ही म्हणाली, “बागेत मुलगी बघायला जाताय का?” पण तीही खुशीत होती. रात्री मी तिला कोण आलं, काय म्हणालं ते सगळं सांगत असे आणि ती पुन्हा पुन्हा विचारत असे. निवृत्तीनंतरचा माझा सगळ्यात सुखाचा महिना तो.

पाचही जण एकच वाक्य बोलले होते, अगदी शब्दाला शब्द. आयुष्यभर मुलांना सांगत आलो की पाच उदाहरणांचं उत्तर एकच येत असेल तर मागे सूत्र शोधा. मला स्वतःला ते दिसलं नाही. दिसायला नको होतं.

एके दिवशी दातांच्या डॉक्टरकडे गेलो होतो म्हणून मागच्या गल्लीने आलो. बागेच्या कुंपणाला मेंदी आहे, मागे उभा माणूस दिसत नाही पण बोलणं ऐकू येतं. मेंदीच्या फटीतून पाहिलं, तर फाटकाशी किसन उभा होता. माझा बाक रिकामा म्हणून तो फाटकातून गल्ली न्याहाळत होता, आणि समोर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण.

“जरा थांब. सर येतीलच आता. आदी त्यांच्याकडं जायचं. म्हनायचं, सर, तुमच्या गणितामुळं इथवर आलो. मंग माज्याकडं ये.”

“मामा, त्यांनी मला सहामाहीभर बाकावर उभं केलं होतं हो.”

“ते ऱ्हाऊ दे. एवडं म्हनायला तुजं काय जातंय?”

मी कुंपणामागे उभा राहिलो. दाताला भूल दिलेली होती, त्यामुळे तोंड वाकडं झालेलं, आणि आतून असं काही जळत होतं की ती भूल तिथे पोचली असती तर बरं झालं असतं. तसाच फाटकातून आत शिरलो. तो तरुण मला बघून खरोखरच वाकायला लागला. त्याला मी हाताने बाजूला केलं.

“किसन, तुला कुणी सांगितलं होतं? माझ्या वतीने भीक मागायला कुणी सांगितलं होतं?”

बागेतल्या सगळ्या माना वळल्या. किसनने टोपी काढून हातात घेतली, मुख्याध्यापकांच्या खोलीत घ्यायचा तशी.

“भीक न्हाई, सर. खरंच हाय ते. पोरांच्या ध्यानात येत न्हवतं, म्हून म्या सांगत हुतो.”

“ते ठरवणारा तू कोण?”

“म्या कुठं ठरीवतोय? म्या नुसतं पोचवतो. शाळेत बी तेच केलं की.”

त्याच्या आवाजात उपकार नव्हता, राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणालो, “शिपाई तो शिपाईच.” हे वाक्य मी बोललो. ते मला कागदावर लिहायचं नव्हतं, पण मग बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. तो तरुण माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती अजून आठवते. किसन मात्र खालीच बघत होता. मी वळलो आणि घरी आलो. हिने विचारलं, “आज कोण भेटलं?” भूल उतरली नसल्याने बोलता येत नाही असं मी हाताने सांगितलं.

नंतर दोन महिने मी त्या बागेत गेलो नाही. नदीकाठी जाऊन बसलो, देवळाच्या ओट्यावर बसलो, कुठेच जमेना. रोज एक वाक्य घोटत असे: ‘किसन, त्या दिवशी माझं चुकलं.’ इतकं सोपं वाक्य. कधी त्यातला ‘त्या दिवशी’ काढे, कधी परत घाली. शेवटी एका संध्याकाळी धीर करून गेलो, तर हौदाजवळचा बाक रिकामा. दुसऱ्या दिवशीही रिकामा. बागेचा माळी म्हणाला, “मामा पडले म्हणे बाथरूममधी. आता मुलगा बाहेर सोडत नाही.” पत्ता मला माहीत नव्हता. शोधला असता तर मिळाला असता. त्या काचेच्या इमारतीत माझेच विद्यार्थी होते. मी शोधला नाही. वाटलं, बंगल्यात जायचं, त्याच्या सुनेने सरबत आणायचं, आणि मग हे वाक्य बोलायचं. ते काही मला झेपणारं नव्हतं.

दीड वर्ष गेलं. त्या काळात बागेत मुलं यायची, रिकाम्या बाकाकडे बघायची आणि “मामा नाहीत का?” असं मला विचारून निघून जायची. ‘आधी माझ्याकडे’ ही इच्छा माझी अशी पुरी झाली.

एका रविवारी गेलो, तर फाटकासमोर एक मोठी पांढरी गाडी, आणि हौदाजवळच्या बाकावर किसन. निम्मा झालेला. सदरा खांद्यांवरून उतरलेला, टोपी तेवढी नीट. त्याचा मुलगा शेजारी उभा होता. मला ओळखून त्याने नमस्कार केला.

“दादा आता कुनाला वळखत न्हाईत, सर. आमाला बी न्हाई. पन हिकडं आनलं की गप बसत्यात. न्हाईतर घरभर फिरत्यात.”

मी बाकावर टेकलो. इतके दिवस घोटलेलं वाक्य ओठाशी आणलं. “किसन,” मी म्हणालो, आणि त्याने वळून पाहिलं. त्या डोळ्यांत मी नव्हतो. सोवनी सर नव्हते, गणित नव्हतं, ते भांडणही नव्हतं. तिथे फक्त शेजारी येऊन बसलेलं कुणीतरी होतं. त्याने हात उचलला आणि माझ्या पाठीवर ठेवला.

“डबा खाल्ला का रं?” त्याने विचारलं.

माझं वय तेव्हा एकोणसत्तर.

“खाल्ला, मामा,” मी म्हणालो.

“समदा?”

“सगळा.”

“शाना हाईस,” तो म्हणाला, आणि पाठीवरून हात फिरवत राहिला. मला वाटतं पाच-सात मिनिटं तरी तो हात तिथे होता. मी बोललो असतो तर तो थांबला असता.

तेवढ्यात “मामा!” अशी हाक आली. पस्तिशीचा एक माणूस फाटकातून धावतच आला आणि त्याच्या पायाशी वाकला. किसनने माझ्या पाठीवरचा हात काढला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. “डबा खाल्ला का रं?” तोच आवाज, तेच शब्द, तीच माया.

किसनला कुणीच ओळखू येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी जुना हेवा पुन्हा पेटला. त्या माणसाला किसनशेजारी बसायचं होतं. तो माझ्याकडे बघून अवघडल्यासारखा हसला, “सर, जरा...” म्हणाला.

मी सरकलो नाही.